सावलीतला रंगीत नेचा आणि त्याची हकीकत



बहुतेकांच्या परसात एक जागा अशी असते की तिथे काही म्हणता काही येत नाही. न्हाणीच्या मागची, आडाच्या कडेची, नाहीतर घराच्या उत्तरेकडची भिंतीलगतची. ऊन पोचत नाही आणि ओल हटत नाही. मिरची लावली तर नुसती उंच वाढून लोळते, झेंडूला कळी धरत नाही. "साहेब, इथं काय लावावं?" हा प्रश्न आम्हाला गावोगावी ऐकायला मिळतो. माझे उत्तर असते, नेचा लावा. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. त्याला फूल नाही, फळ नाही, जनावर तोंड लावत नाही, मग लावायचा कशाला?

लावायचा शोभेसाठी, हे खरेच. पण या बिनफुलाच्या झाडाचा इतिहास मात्र नुसत्या शोभेचा नाही. हिमालयाच्या पायथ्याला चीनचा चहा आला तो एका नेच्यामुळे. याच नेच्याच्या हौसेपायी एका देशातले डोंगरकडे उघडे पडले. आपल्याकडेही हल्ली पावसाळ्यात घाटात फिरायला जाणारी मंडळी मुळासकट नेचे उपटून आणताना दिसतात. कुंडीत लावतात, आणि दिवाळीच्या आत तो वाळतो. असे का होते आणि दुसरा मार्ग कोणता, हे ती जुनी हकीकत ऐकली की नीट कळते. लागवडीची माहिती पत्रकाच्या शेवटी दिली आहे.

सुरुवात बियापासून करू, कारण घोळ तिथेच होता. नेच्याला बी नसते. पानाच्या पाठीमागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा असतात, तेवढेच. (आपल्याकडे पुष्कळ जण हे ठिपके पाहून पानावर तांबेरा आला असे समजतात आणि फवारणीचे औषध विचारतात. तो रोग नव्हे. औषध मारू नका.) जुन्या काळी युरोपातल्या लोकांना प्रश्न पडे की ज्याला फूल नाही, बी नाही, त्याची रोपे दरवर्षी येतात कुठून? त्यांनी उत्तर काढले ते असे: नेच्याला बी असते, पण ते दिसत नाही. आणि जे बी स्वतः दिसत नाही, ते ज्याच्या खिशात असेल तो माणूसही कुणाला दिसणार नाही! उन्हाळ्यातल्या एका ठरावीक रात्री जागून हे बी गोळा करायची तिकडे चाल होती. शेक्सपियरच्या एका नाटकातला चोरसुद्धा या अदृश्य बियाची फुशारकी मारतो. आपल्याकडे पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते म्हणत, त्यातलाच हा प्रकार.

खरी गोष्ट उलगडली ती वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर. जॉन लिंडसे नावाचा एक शस्त्रवैद्य तिथे होता. पाऊस झाल्यावर उघड्या मातीवर नेच्याची बारीक बारीक पिल्ले उगवतात हे त्याने पाहिले. मग पानामागची तपकिरी भुकटी घेऊन ती मातीवर पेरली आणि रोज थोडी थोडी माती सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघत राहिला. भुकटीच्या कणांतून हिरवे ठिपके फुटले, त्यांच्या पातळ चकत्या झाल्या आणि चकत्यांतून नेचा आला. १७९४ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात त्याने हे छापले. या कणांना आपण बीजाणू म्हणतो.

पण बीजाणू म्हणजे बी नव्हे. ज्वारीच्या दाण्यात कोंब तयार असतो, सोबत शिदोरीही असते. बीजाणूत तसले काही नसते. त्यातून आधी नखाएवढी, बदामाच्या आकाराची हिरवी चकती होते. त्या चकतीवर नर आणि मादी अवयव येतात. नराचा अंश पाण्यातून पोहत मादीपर्यंत गेला तरच पुढे नेच्याचे रोप तयार होते. पाण्याची पातळ फिल्लम नसेल तर सगळे तिथेच थांबते. नेचा ओलीतच का येतो, त्याचे कारण हे आहे. चकतीवरचे हे अवयव सुमिन्स्की या संशोधकाने १८४८ साली दाखवले आणि १८५१ साली जर्मनीच्या होफमाइस्टरने सगळे चक्र जुळवून दिले. म्हणजे माणूस गहू पेरायला लागून हजारो वर्षे लोटली, पण दारचा नेचा जन्माला कसा येतो हे कळून पावणेदोनशे वर्षेच झाली आहेत.

आता लंडनला चला. तिथे बंदराजवळ वेलक्लोज स्क्वेअरमध्ये नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत. त्यांना झाडांचा भारी नाद. घरामागच्या अंगणात त्यांनी दगड रचून, वरून पाण्याची नळी सोडून नेचे लावले. पण त्या काळच्या लंडनवर दगडी कोळशाच्या धुराचे छप्पर होते. पानांवर काजळी बसायची. सगळे नेचे मेले. डॉक्टरांनी नाद सोडला म्हणतात. मग १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष काचेच्या बाटलीत ओलसर मातीवर ठेवून झाकण लावले. पतंग कसा बाहेर येतो ते त्यांना बघायचे होते. बघता बघता त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताची काडी उगवली. आत पाणी घालावे लागत नव्हते. दिवसा मातीतली वाफ काचेवर थेंब होऊन जमायची आणि परत मातीत उतरायची. बाहेरच्या अंगणात जो नेचा जगत नव्हता तो बंद बाटलीत जवळजवळ चार वर्षे जगला. झाकण गंजून पावसाचे पाणी आत गेले तेव्हाच तो संपला.

डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाटलीत झाड जगते तर मोठ्या काचपेटीत बोटीवर का जगू नये? त्या काळी झाडे बोटीने न्यायची म्हणजे नुसती धूळधाण होती. खारा वारा, कडक ऊन, आणि सहा-सहा महिने प्रवास. बोटीवर पिण्याचे पाणी मोजून मिळे, तिथे झाडाला कोण घालणार? १८३३ साली वॉर्डसाहेबांनी नेचे आणि गवते भरून दोन काचपेट्या ऑस्ट्रेलियात सिडनीला धाडल्या. झाडे टवटवीत पोचली. परत येताना तिकडची झाडे भरून त्याच पेट्या १८३४ साली लंडनला आल्या. वाटेत कधी अंगाची लाही करणारी उष्णता, कधी डेकवर बर्फ. तरी झाडे जिवंत. जॉर्ज लॉडिजेस हे लंडनजवळचे मोठे रोपवाटिकावाले. त्यांचा हिशेब असा होता की पूर्वी प्रवासात विसांतली एकोणीस रोपे मरत, पेट्या आल्यापासून विसांतली एकोणीस जगू लागली.

इथे गोष्ट आपल्या देशाशी येऊन भिडते. १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यून हा ईस्ट इंडिया कंपनीने पाठवलेला माणूस चीनमध्ये हिंडून चहाची रोपे आणि बी गोळा करत होता. चहाचे बी फार दिवस टिकत नाही. सुटे पाठवले तर वाटेतच त्याची उगवण जाते. त्याने काय केले, काचपेटीतल्या मातीतच चहाचे बी पेरून दिले. कलकत्त्याला पोचेपर्यंत ते उगवले. सहारनपूरच्या सरकारी बागेत मोजणी झाली तेव्हा बारा हजारांवर रोपे भरली. ती पुढे हिमालयाच्या उतारावरच्या मळ्यांत गेली. (आसामचा चहा वेगळा. तो तिथल्याच जंगलातला. दोन्हींची गल्लत करू नये.) रबराचेही तसेच. १८७६ साली ब्राझीलचे रबराचे बी लंडनच्या क्यू बागेत उगवून घेतले आणि रोपे काचपेट्यांतून श्रीलंकेला गेली. आज आपण चहाचा घोट घेतो, सायकलचा टायर फिरवतो, त्यामागे ती नेच्याची बाटली आहे.

पेटीतून झाडाबरोबर मातीही यायची, आणि मातीबरोबर किडी आणि बुरश्या. हे कळायला पुढची ऐंशी वर्षे गेली. भारतात परक्या किडी-रोगांना अटकाव करणारा कायदा १९१४ साली झाला. अमेरिकेने १९१९ पासून मातीसकट झाडे आणायला जवळपास बंदीच घातली. आपण दुसऱ्या जिल्ह्यातून रोपे आणताना मुळाची माती तपासा असे सांगतो, त्याची मुळे इतकी जुनी आहेत.

आता हौसेच्या बाजूकडे वळू. १८४५ साली इंग्लंडमधला काचेवरचा कर उठला. काच स्वस्त झाली आणि घरोघरी दिवाणखान्यात काचपेटी आली. पेटीत ठेवायला झाड कोणते? अर्थात सावलीत जगणारा नेचा. त्यातच आगगाडी सुरू झालेली. शहरातले लोक सुट्टीला डोंगरात जायचे आणि टोपल्या भरभरून नेचे उपटून आणायचे. चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ साली या वेडाला चक्क रोगासारखे नाव दिले, 'टेरिडोमेनिया', म्हणजे नेचेवेड. त्याच साली टॉमस मूर यांचे नेच्यांवरचे भले मोठे पुस्तक निघाले. त्यात खरी पाने शिशाच्या पत्र्यावर दाबून त्यांचे ठसे छापलेले होते. भांडी, कापड, लोखंडी बाकडी, थडग्याचे दगड, जिकडे तिकडे नेच्याची नक्षी.

नक्षीने कुणाचे काही बिघडले नाही. बिघडले ते टोपल्यांनी. नेचे विकणारे फेरीवाले गाड्या भरून शहरात नेऊ लागले. जितका नेचा दुर्मीळ तितकी किंमत जास्त, आणि जितकी किंमत जास्त तितका तो आणखी दुर्मीळ. आयर्लंडमधला किलार्नी नेचा धबधब्याच्या तुषारात वाढतो, पान इतके पातळ की पलीकडचे दिसावे. पुष्कळ ठिकाणांहून तो पार नाहीसा झाला. वुडसिया नावाचा डोंगरकड्यांच्या कपारीतला ठेंगणा नेचा स्कॉटलंडच्या टेकड्यांतून खरवडून नेला. वेल्समधल्या स्नोडन पर्वतावर विल्यम विल्यम्स नावाचा वाटाड्या लोकांना दुर्मीळ झाडे दाखवायचा. तो १८६१ साली कड्यावरून पडून मेला. हे नेचेवेड एकोणिसावे शतक संपता संपता ओसरले. पण वुडसिया काही परत भरून आला नाही. १९८१ च्या ब्रिटिश कायद्याने किलार्नी नेचा आणि वुडसिया यांना संरक्षण दिले, आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतेही रानझाड उपटणे गुन्हा ठरवले.

यात मला खटकते ते असे. लिंडसेने बीजाणू पेरून नेचा उगवून दाखवला १७९४ साली. नेचेवेड भरात आले १८५० नंतर. म्हणजे ज्ञान हाताशी होते! रोपवाटिकावाले बीजाणूंपासून रोपे करतही होते. पण फुकटचा डोंगर समोर असताना सहा महिने विटेवर हिरवी चकती राखत बसायला कोण तयार होणार? आपल्याकडे बेण्याच्या बाबतीत वेगळे काय होते?

याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला, जपानमध्ये, नेच्याची हौस वेगळ्या वाटेने चालली होती. वॉर्डसाहेबांच्या बाटलीत नेचा उगवला त्याच १८२९ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोक्योत, रंगीबेरंगी आणि पट्टेरी पानांच्या शेकडो झाडांचे एक सचित्र पुस्तक छापून निघाले. ते करणारा मिझुनो नावाचा एक सामुराई होता. लढाया थांबून दोनशे वर्षे झालेली, तेव्हा सरदार आणि व्यापारी यांना कुंडीतल्या झाडांचा छंद जडला होता. हिरव्या पानात पांढरा पट्टा दिसला, पान मुरडलेले दिसले, की ते झाड बाजूला काढायचे, त्याला नाव द्यायचे आणि फुटवे फोडून वाढवायचे. नेच्याचा एक दूरचा भाऊबंद आहे, मात्सुबारान. पान नाही, नुसत्या हिरव्या काड्या. त्याच्याही शंभरावर जाती करून १८३६ साली त्यांचे पुस्तक निघाले.

जपानी माणूस डोंगराला हात लावत नव्हता असे मी म्हणणार नाही. पहिले झाड डोंगरातूनच आले. पण रंगीत झाड म्हणजे हजारो हिरव्यांत एखादे. ते उपटून विकायचे म्हटले तर एकदाच पैसे. म्हणून ते वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जपानच्या रानात 'इनुवाराबी' नावाचा एक साधा नेचा होतो. इनु म्हणजे कुत्रा. खायच्या वाराबीपुढे हा कुचकामी, म्हणून कुत्र्याचा. (आपणही रानटी झाडांना असेच नाव देतो, रानतुळस, रानकांदा.) या कुचकामी नेच्याचा एक रंगीत प्रकार आहे. पान चांदीसारखे करडे, मधला दांडा आणि शिरा जांभळट तांबड्या, कडेला हिरवट झाक. त्याला जपानीत 'निशिकी-शिदा' म्हणतात, म्हणजे जरीच्या कापडाचा नेचा. आपल्या पैठणीच्या पदराची आठवण यावी असेच ते पान असते. शास्त्रीय नाव अथिरियम निपोनिकम.

हा नेचा थंड मुलखात काटक ठरला. हिवाळ्यात पाने झडून जातात, बर्फाखाली नुसते मूळखोड राहते. शून्याखाली पंचवीस-तीस अंश गेले तरी मरत नाही आणि वसंत आला की घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले तांबडे कोंब वर काढतो. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या बागांत तो सगळीकडे पोचला. २००४ साली तिथल्या बारमाही झाडांच्या संस्थेने त्याला वर्षाचे झाड म्हणून निवडले. त्याच्या रंगाचे मर्म सावलीतच आहे. भर उन्हात पान करपते. गडद काळोखात रंग उतरून ते फिके हिरवे होते. सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर सावली मिळाली, तर चांदी आणि तांबडा दोन्ही खुलतात. बीजाणू पेरले तर सगळी पिल्ले आईसारखी रंगीत येत नाहीत; काही साधी हिरवी निघतात. म्हणून चांगल्या जाती फुटवे फोडून किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवतात. आपल्याकडे केळीची रोपे प्रयोगशाळेतून येतात तसेच हे.

व्यापारातही जपान मागे नव्हता. योकोहामाच्या रोपवाटिकावाल्यांनी १८९० च्या सुमारापासून शेवाळात नेच्याची खोडे गुंडाळून त्यांचे चेंडू अमेरिकेला पाठवायला सुरुवात केली. वाळका चेंडू पाण्यात बुडवून दारात टांगायचा, काही दिवसांत त्यातून हिरवी पाने फुटायची. मातीही नाही, वजनही नाही.

त्याच काळात अमेरिकेत आणखी एक प्रकार घडला, आणि तो आपल्या फूलउत्पादकांच्या कामाचा आहे. १८९४ साली फिलाडेल्फियाहून बोस्टनच्या एका व्यापाऱ्याकडे नेफ्रोलेपिस नेच्याची खेप आली. तिच्यात एक झाड वेगळे दिसले. इतरांची पाने ताठ, याची कमानीसारखी झुकलेली. व्यापाऱ्याने ते बाजूला ठेवले आणि वाढवले. तोच बोस्टन नेचा. हारवाल्यांच्या दुकानात, लग्नाच्या सजावटीत, हॉटेलच्या दारात टांगलेल्या कुंडीत जो हिरवा नेचा तुम्ही पाहता तो बहुधा याच घराण्यातला. शेडनेटमध्ये जरबेरा करणारे आपले काही शेतकरी कडेच्या सावलीत तो लावतात आणि पाने फुलांबरोबर विकतात. त्याचे चांगले बीजाणू होत नाहीत. सगळी वाढ धावत्या दोऱ्यांवर, स्ट्रॉबेरीसारखी. म्हणजे जगभरचे बोस्टन नेचे हे त्या एका वेगळ्या दिसलेल्या झाडाचे फुटवे आहेत.

एक वाईट बाजूही सांगायला हवी. साल्व्हिनिया नावाचा पाण्यावर तरंगणारा नेचा मूळ ब्राझीलकडचा. शोभेसाठी लोकांनी जगभर नेला. केरळात तो १९५० नंतर पसरला आणि भातखाचरे, कालवे, होड्यांच्या वाटा बुजवून टाकल्या. तिथले लोक त्याला आफ्रिकन पायल म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात त्याच्या मूळ मुलखातला एक छोटा भुंगा आणून सोडला तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. तेव्हा हौदातला शोभेचा पाणनेचा ओढ्यात टाकू नका. तसाच ब्रॅकन नावाचा डोंगरी नेचा. हिमालयात, निलगिरीत जनावरांच्या पोटात तो फार दिवस गेला की लघवीतून रक्त जाते. कोणताच नेचा चाऱ्यात घालू नये.

आता आपल्या परसाकडे येऊ. तो जपानी जरीचा नेचा आपल्याकडे येईल का? हिमाचल, उत्तराखंडच्या थंड भागात येईल. आपल्या देशावर नाही. त्याला हिवाळ्याची झोप लागते आणि आपला उन्हाळा सोसत नाही. कुणी महागाचे रोप घेऊन आले तर पैसे वाया जातील, हे आधीच सांगतो.

पण रंगाची वाण आपल्याकडेही नाही. टेरिस आर्जिरिया हा दक्षिण भारतातल्या डोंगरांतला नेचा. हिरव्या पानाच्या मधोमध दुधी चांदीचा पट्टा. वर ज्यांचा उल्लेख आला त्या टॉमस मूर यांनीच १८५९ साली त्याला शास्त्रीय नाव दिले आणि इंग्रजांच्या काचघरांत तो मानाने मिरवला. आज चांगल्या रोपवाटिकेत तो मिळतो. सह्याद्रीत ओढ्याकाठी ब्लेक्नम नावाचा मोठा नेचा होतो, त्याचे कोवळे पान तांबूस निघते. हंसराज तुम्हाला माहीतच आहे. काळा चकचकीत दांडा, कोवळे पान गुलाबी. दगडी भिंतीच्या फटीत येणाऱ्या चांदीनेच्याच्या पानाची पाठ पांढऱ्या भुकटीने भरलेली असते. मुले ते पान हातावर दाबून ठसा उठवतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि द आल्मेडा यांनी १९२२ साली मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर आख्खे पुस्तक लिहिले, इतकी आपली संपत्ती मोठी आहे.

ती डोंगरावरच राहू द्या. राखीव जंगलातून झाड उपटणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहेच. आणि डोंगरातला जुना नेचा खडकाच्या ओलीला आणि धुक्याला सरावलेला असतो. उपटताना मुळे तुटतात, आणि पाऊस संपला की तो कोरड्या हवेत टिकत नाही. रोपवाटिकेतून एक झाड आणा आणि ते वाढवा.

लागवड जूनमध्ये करावी. सकाळचे ऊन तासभर येते आणि पुढे सावली राहते अशी जागा निवडा. फूटभर खोल चर खणून त्यात दोन घमेली पालापाचोळ्याचे कुजलेले खत, एक घमेले माती आणि एक घमेले विटांचा जाडा चुरा या प्रमाणात भरा. ताजे शेण घालू नका, मुळे जळतात. न्हाणीचे पाणी साबणाचे असेल तर ते दुसरीकडे वळवा. खोडाचा शेंडा मातीवर राहील असे लावा. तो पुरला तर कुजतो. मार्च ते मे सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा आणि मातीवर पाचटाचे आच्छादन ठेवा. रासायनिक खत लागत नाही. दोन वर्षांनी झाड दाट झाले की पावसाच्या तोंडाशी धारदार सुरीने गड्डा फोडून फुटवे वेगळे करा.

टेरिस आणि हंसराज बीजाणूंपासूनही येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानामागचे ठिपके तपकिरी झाले की पान कोऱ्या कागदावर पाठ खाली करून दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. कागदावर भुकटी पडेल. जुनी भाजकी वीट फोडून तिचा तुकडा पाण्यात चांगला उकळून घ्या, म्हणजे बुरशी आणि शेवाळ येणार नाही. तो बशीत ठेवून बशीत उकळून गार केलेले पाणी घाला. विटेवर चिमूटभर भुकटी फुंकरीने पसरा आणि वर काचेची बरणी पालथी घाला. उजेड हवा, ऊन नको. बशीतले पाणी आटू देऊ नका. तीन ते सहा आठवड्यांत वीट हिरवी दिसेल, पुढे चकत्या दिसतील. चकत्या दिसल्या की आठवड्यातून एकदा उकळून गार केलेल्या पाण्याचा हलका फवारा द्या. दोन-तीन महिन्यांत चकत्यांतून पहिली पाने येतात. मग बरणीखाली काडी लावून थोडी फट ठेवा, रोज थोडी जास्त. पाने बोटाच्या पेराएवढी झाली की रोपे पाच-सहाच्या झुबक्याने काढून लहान कुंडीत लावावीत. सुटी एकेक काढली तर मरतात. उन्हाळाभर कुंड्या घरात माठाशेजारी गारव्याला ठेवाव्यात आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर चरात हलवाव्यात.